पाठ न सोडणारं क्रियापद

प्रश्न : ताई, मी अनुवादाची कामं नुकतीच घ्यायला लागलो आहे. एका खेळाडूवरच्या लेखात 'हिज करिअर वॉज डॉग्ड बाय इन्ज्युरीज' असं वाक्य होतं. मी 'त्याची कारकीर्द दुखापतींनी ग्रस्त होती' असं केलं. अर्थ चुकलेला नाही, पण वाक्य निर्जीव वाटतं. 'डॉग', 'प्लेग', 'बिसेट', 'हॉन्ट' ही सगळी एकाच अर्थाची का? आणि मराठीत काय म्हणावं?

उत्तर : तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच खटकलं. 'ग्रस्त' म्हटलं की माणूस एका जागी पडलेला दिसतो. 'डॉग'मध्ये चाल आहे. सोळाव्या शतकापासून हे क्रियापद इंग्रजीत आहे. शिकारी कुत्र्यासारखं माग न सोडता कुणाच्या तरी पाठोपाठ जाणं, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे माणसामागे चालणाऱ्याची जागा आजाराने, वादाने, दिरंगाईने, दुर्दैवाने घेतली.

म्हणून या क्रियापदाला काळ लागतो. एका अपघातात पाय मोडला आणि खेळच संपला, तर तिथे 'डॉग' बसत नाही. गुडघा बरा होऊन खेळाडू मैदानात उतरतो तर मांडीचा स्नायू दुखावतो, तो सावरतो तोवर खांदा निखळतो, आणि तरी तो खेळत राहतो, तेव्हा 'डॉग्ड बाय इन्ज्युरीज'. चार्ल्स डार्विनचं उदाहरण मी नेहमी देते. 1836 मध्ये तो जगप्रवासाहून परतला आणि पुढच्या काही वर्षांत पोटाचे त्रास, उलट्या, धडधड, थकवा सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं कधी बरं, कधी वाईट असं चाललं, पण लेखन थांबलं नाही. त्याच्याबद्दल 'डॉग्ड बाय इल हेल्थ' हे नेमकं लागू पडतं, कारण माणूस पुढे जातो आहे आणि दुखणंही बरोबर येतं आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. 'प्लेग'मध्ये छळ जास्त, पाठलाग कमी. डोकेदुखी, डास, शंका 'प्लेग' करतात. 'बिसेट' म्हणजे एकाच वेळी चारी बाजूंनी घेरणं. त्याचं भूतकाळी रूपही 'बिसेट'च राहतं. 'हॉन्ट' करतं ते घडून गेलेलं: आठवण, अपराधाची बोच. 'हाउंड' मात्र माणसंच करतात, जाणूनबुजून. वार्ताहर 'हाउंड' करतील, ताप करणार नाही.

आता मराठी. इंग्रजी वाक्य कर्मणी आहे म्हणून मराठीही कर्मणी करायला जाऊ नका. 'दुखापतींद्वारे पछाडला गेला' अशी वाक्यं मी अनुवादांत वारंवार खोडते. मराठीत त्रासालाच कर्ता करा: 'दुखापतींनी अखेरपर्यंत त्याची पाठ सोडली नाही.' 'पिच्छा पुरवला'ही चांगलं. 'शुक्लकाष्ठ मागे लागलं' हे निस्तरता न येणाऱ्या लचांडासाठी राखून ठेवा. 'साडेसाती' जपून वापरा, ती कधीतरी संपते असं मराठी वाचक गृहीत धरतो.

'ससेमिरा' चौकशीला, तगाद्याला शोभतो, आजाराला नाही. त्याच्या मागे एक सुंदर कथा आहे. झाडावर आसरा देणारं अस्वल झोपलेलं असताना राजपुत्र त्याला खाली ढकलतो. अस्वल वाचतं आणि शाप देतं. मग राजपुत्र भ्रमिष्टासारखा 'ससेमिरा' एवढंच बोलत राहतो. त्या चार अक्षरांनी सुरू होणारे चार श्लोक ऐकवल्यावर तो शुद्धीवर येतो. न थांबणारी भुणभुण या अर्थाची छटा त्या शब्दाला आजही आहे.

आणि कधी मराठी इंग्रजीच्याही पुढे जाते. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं बांधकाम 1959 मध्ये सुरू झालं तेव्हा आराखडे पूर्ण नव्हते. नंतर छताचं वजन पेलण्यासाठी आधीच उभारलेले खांब पाडून पुन्हा बांधावे लागले, 1966 मध्ये वास्तुरचनाकार काम सोडून गेला, आणि उद्घाटनाला 1973 उजाडलं. इंग्रजीत 'डॉग्ड बाय डिलेज'. मी लिहीन, 'दिरंगाई या इमारतीच्या पाचवीलाच पुजलेली होती.' मूळ क्रियापदात जन्मापासूनचं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण इथे दोष पायापासूनच होता, म्हणून ती मुभा मी घेईन. तुमच्या खेळाडूसाठी घेणार नाही, कारण त्याच्या दुखापती वाटेत भेटल्या.

वाचताना एक सांभाळा. क्रियापदाचा उच्चार 'डॉग्ड', एका झटक्यात. तीच अक्षरं विशेषण म्हणून आली तर 'डॉगिड', आणि अर्थ चिवट, जिद्दी. 'डॉगिड डिफेन्स' म्हणजे चिवट बचाव. तिथे कुणाच्या मागे काही लागलेलं नाही, ती शाबासकी आहे.