वाचकांचे प्रश्न : लेझर, चष्मा आणि कापसाचा हंगाम

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. नववीत असताना तिला चष्मा लागला. आता उजव्या डोळ्याचा नंबर उणे ५ आणि डाव्याचा उणे ४.५ आहे. घरी आठ एकर कोरडवाहू शेती असून वेचणीला ती आमच्याबरोबर असते. यंदा तिच्यासाठी स्थळे पाहतो आहोत आणि दोन ठिकाणांहून चष्म्यावरून नकार आला. नागपूरला लेझरने नंबर काढतात असे समजले. लेझरने डोळा भाजतो का? किती दिवस घरी बसावे लागेल? चष्मा पुन्हा लागणार नाही याची खात्री काय? — एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रात मुलीला स्वतःला काय हवे आहे ते आलेले नाही, तेव्हा आधी तिला विचारावे. ही शस्त्रक्रिया आजारावरची नाही, हौसेची किंवा सोयीची आहे, आणि तिचा त्रास जिला सोसायचा तिचा होकार सर्वांत आधी हवा. दुसरे असे की लेझरने नंबर जातो, डोळा बदलत नाही. उणे नंबरात डोळ्याचा गोळा लांबीला थोडा जास्त असतो. लेझरने समोरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, बाक कमी करून प्रकाश जागेवर आणला जातो. लांबी आहे तेवढीच राहते. म्हणून आतला पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही राहतो, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करावीच लागते, आणि पुढे मुलांना नंबर लागण्याची शक्यताही शस्त्रक्रियेने कमी होत नाही. चष्म्यावरून नकार देणाऱ्या घराला हे माहीत नसते, ही गोष्ट वेगळी.

भाजण्याची भीती मनातून काढावी. १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की १९३ नॅनोमीटरचा एक्झायमर लेझर आजूबाजूचा भाग न जाळता पेशीजालाचा अत्यंत पातळ थर उडवून लावतो. हाच लेझर पुढे डोळ्यासाठी वापरात आला. शस्त्रक्रियेच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो आणि यंत्राची टकटक ऐकू येते, त्यामुळे रुग्ण दचकतात. तो वास उडालेल्या थराचा असतो. भूल फक्त थेंबांची देतात. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात, डोळ्यावर काही सेकंद दाब येतो आणि तेवढा वेळ समोर अंधारते. त्यानंतर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचे असते. लेझरचे प्रत्यक्ष काम एका डोळ्यासाठी साधारणपणे मिनिटभराचेसुद्धा नसते.

खरा निर्णय त्याआधीच्या तपासणीत होतो, आणि ती घाईघाईत उरकणाऱ्या ठिकाणी पाऊलही ठेवू नये. वय १८ पूर्ण असावे आणि गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक सरकलेला नसावा. पारपटलाचा नकाशा काढून ते शंकूसारखे पुढे येत तर नाही ना, हे पाहतात. येत असेल तर लेझर वर्ज्य, कारण आधीच कमकुवत असलेले पारपटल त्याने आणखी फुगते. डोळे सतत चोळण्याची सवय असेल तर ती सांगावी, लपवू नये. जाडीचा हिशेब आपणही मांडू शकता. पारपटल मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक, जाड असते. लॅसिक या लेझरच्या नेहमीच्या पद्धतीत पारपटलाचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि एका नंबरामागे ढोबळमानाने १५ मायक्रॉन कमी करतात. उणे ५ साठी ७५ धरले तर खाली ३५५ उरतात. किमान २५० उरावेत असा दंडक आहे, आणि पुष्कळ डॉक्टर ३०० चा आग्रह धरतात. हाच नंबर उणे ८ आणि जाडी ४७० असती तर उरले असते २४०, आणि मी तिथेच नाही म्हटले असते. ती कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर मऊ लेन्स तपासणीपूर्वी एक-दोन आठवडे बंद ठेवाव्यात, नाहीतर मोजमाप चुकते.

आता आपल्या घरच्या परिस्थितीबद्दल, जिचा विचार शहरातील माहितीपत्रकांत सापडत नाही. लॅसिकमध्ये उचललेला पापुद्रा परत जागेवर बसतो, पण तो पूर्वीइतका घट्ट कधीच होत नाही. जोराचा मार बसला तर काही वर्षांनीही सरकू शकतो. शेतात मार कशाचा लागतो हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे : वाकून वेचताना पऱ्हाटीचे टोक, ओझे उचलताना तुरीचा खुंट, गोठ्यात गाईचे शिंग. त्यातच शस्त्रक्रियेत पारपटलाच्या नसा कापल्या जात असल्याने काही महिने डोळ्याची संवेदना मंद राहते आणि कचरा गेला तरी लवकर कळत नाही. झाडपाल्याच्या ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग होतो, जखम चिघळते आणि बुबुळावर फूल पडते. म्हणून शेतात राबणाऱ्यांना मी बहुधा पापुद्रा न उचलणारी पद्धत सुचवते. तिला पीआरके म्हणतात. त्यात वरची पातळ साल काढून लेझर मारतात आणि ती साल पुन्हा भरेपर्यंत चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स ठेवतात. लॅसिकचा रुग्ण दुसऱ्या दिवशीच स्पष्ट पाहतो. पीआरकेचा रुग्ण पहिले तीन-चार दिवस कळवळतो आणि नजर बसायला काही आठवडे जातात. त्या दिवसांत चूल, गोठा आणि शेत यांपासून तिला दूर ठेवावे लागेल. छोट्या छेदातून आतला थर काढण्याची स्माईल पद्धतही पापुद्र्याविना होते, तिचीही चौकशी करावी.

वेळेचे म्हणाल तर वेचणी संपल्यावर, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, शस्त्रक्रिया करावी. पीआरकेनंतर कडक उन्हाने पारपटलावर धूसरपणा येऊ शकतो, त्यामुळे उन्हाळाभर घराबाहेर पडताना गॉगल आणि डोक्यावर पदर लागेलच. पहिले तीन महिने डोळे कोरडे पडणे आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे बहुतेकांना होते, आणि सहा महिन्यांत ते बरेच निवळते. आपल्याकडचा मे महिना डोळा आणखी कोरडा करतो, म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब जवळ असू द्यावेत. पहिला आठवडा डोक्यावरून अंघोळ नको, काजळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. लग्न उन्हाळ्यात ठरले तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. हळद, होमाचा धूर आणि चहूबाजूंनी येणाऱ्या अक्षता ताज्या डोळ्याला सोसत नाहीत. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हा त्या काळातही नको. नागपुरात एक रात्र मुक्काम करावा, कारण दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवता येत नाही आणि एसटीच्या खिडकीतली धूळ पहिल्याच संध्याकाळी डोळ्यात घेण्यासारखी नसते.

डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडचे थेंब ठरलेल्या दिवशी बंद करायचे असतात. डोळा लाल झाला म्हणून तालुक्याच्या मेडिकलमधून तेच थेंब परस्पर आणू नयेत. त्यांनी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो आणि बुरशी असेल तर ती फोफावते. मध, एरंडेल, दूध यांतले काहीही डोळ्यात घालू नये.

खात्रीविषयी : नंबर स्थिर असताना केलेली शस्त्रक्रिया बहुधा टिकते, पण काहींना थोडा नंबर परत येतो आणि जाडी शिल्लक असेल तर पुन्हा लेझर करावा लागतो. त्याचे पैसे वेगळे लागतील का, हे आधीच लेखी घ्यावे. शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व कागद जपून ठेवावेत. पुढे वयपरत्वे मोतीबिंदू झाला की बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना त्यांचा उपयोग होतो. शेतात मात्र तिने बिननंबरी साधा चष्मा वापरावा. आजवर पऱ्हाटीच्या टोकापासून तिला त्या नकोशा चष्म्यानेच वाचवले असणार.

प्रश्न : वय ४६. लांबचे नीट दिसते, पण सातबारा वाचायला कागद हातभर दूर धरावा लागतो. लेझरने हा नंबर जाईल का? — एक शेतकरी, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : हा दोष पारपटलाचा नाही. डोळ्यातील नैसर्गिक लेन्स चाळिशीनंतर ताठर होते, आणि लेझर तिच्यापर्यंत पोचत नाही. एक डोळा जवळसाठी आणि एक लांबसाठी ठेवण्याचा मार्ग आहे, पण त्यात अंतराचा अंदाज कमी होतो, आणि आपण रात्री ट्रॅक्टर चालवत असाल तर तो मी सुचवणार नाही. वाचण्याचा चष्मा घ्यावा आणि त्याच वेळी डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा.

प्रश्न : माझा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे, चष्मा लावूनही धूसर दिसते. लेझर करू का? — एक विद्यार्थी, चिखली

उत्तर : चष्म्याने जेवढे दिसते त्याहून अधिक लेझरने दिसत नाही. लहानपणी न वापरला गेलेला डोळा आळशी राहतो, तो दोष मेंदूला पाहण्याची सवय न लागल्याचा आहे. आणि एकाच डोळ्यावर सगळी भिस्त असताना त्या चांगल्या डोळ्याला विनाकारण हात लावू देऊ नये.