झारचे कुटुंब नेमके कुठे राहत असे?

प्रश्न : रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यातच राहत होता का?

उत्तर : हिवाळी राजवाडा हे राजधानीतले अधिकृत निवासस्थान असले, तरी १९०५ पासून निकोलसच्या कुटुंबाचे कायमचे घर होते ते शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, त्सारस्कोये सेलो येथील अलेक्झांडर राजवाडा. सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने आपला नातू अलेक्झांडर याच्यासाठी वास्तुविशारद क्वारेंगी याच्याकडून तो १७९२ ते १७९६ या काळात बांधून घेतला. पुढे पहिल्या निकोलसच्या मुलांसाठी तिथल्या एका दालनात मोठी लाकडी घसरगुंडी बसवण्यात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या राजघराण्यातील मुले तिच्यावर खेळली. या वास्तूचे घरपण मला त्या घसरगुंडीत सर्वाधिक जाणवते.

दुसऱ्या निकोलसचा जन्मही याच राजवाड्यात १८६८ साली झाला. त्याच्या काळात एका बाजूच्या भागात खाली राजा-राणीच्या खासगी खोल्या आणि वर मुलांच्या खोल्या होत्या. राणीची जांभळट रंगाची बैठकीची खोली कुटुंबाची विशेष आवडती होती. मार्च १९१७ मध्ये पदत्याग केल्यानंतर हेच घर तुरुंग झाले. पहाऱ्यात असलेल्या या कुटुंबाने त्या वसंतात उद्यानातली जमीन स्वतः खणून भाजीपाला लावला. ऑगस्टमध्ये त्यांना सैबेरियातील तोबोल्स्कला हलवण्यात आले. नंतर अलेक्झांडर राजवाड्यात संग्रहालय झाले, दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन सैन्य राहिले आणि पुढे अनेक वर्षे राजवाडा नौदलाकडे होता. जीर्णोद्धारानंतर २०२१ मध्ये खासगी दालने पुन्हा खुली झाली.