यार्झाइट: तारीख कशी धरायची?

प्रश्न: ज्यू मित्राचे वडील १० मार्च २०२५ला रात्री वारले. मग पहिला स्मरणदिन २८ फेब्रुवारी २०२६ला कसा?

उत्तर: यार्झाइट, म्हणजे मृत्यूचा वार्षिक स्मरणदिन, हिब्रू तारखेने पाळतात, आपल्या तिथीसारखंच. तिथे दिवस सूर्यास्ताला बदलतो. म्हणून ती रात्र अदार या हिब्रू महिन्याची १० नव्हे, ११ तारीख. चूक बहुधा इथेच होते. २४ तास जळणारी मेणबत्ती आदल्या संध्याकाळी लावतात. २८ला शनिवार, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्यामुळे ती शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच लावायची, नंतर अग्नी पेटवणं निषिद्ध. मृतांच्या स्मरणार्थ म्हणायच्या कद्दीश या प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात.

खरा घोळ अधिक महिन्याचा. १९ वर्षांत ७ वेळा दोन अदार येतात, २०२७मध्येही. तेव्हा अश्कनाझी (मध्य-पूर्व युरोपीय परंपरेचे ज्यू) सहसा पहिला धरतात, सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेचे) दुसरा. काही घरं दोन्ही पाळतात. मित्राने आपल्या सिनेगॉगची (प्रार्थनास्थळाची) रीत आधीच विचारून ठेवावी.