वाचकांचे प्रश्न: डीएनएचे त्रिकोण नेमक्या जागी का बसत नाहीत?

प्रश्न: सिलिकॉन चिपवर इलेक्ट्रॉन बीमने त्रिकोणी जागा आखून त्यांवर डीएनए ओरिगामीचे, म्हणजे डीएनएचा लांब धागा दुमडून केलेले, त्रिकोण बसवतो. एएफएमखाली (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) निम्म्या जागा रिकाम्या, काहींवर दोन-तीन त्रिकोण, आणि जागांच्या मधल्या भागातही बरेच चिकटलेले दिसतात. चूक कुठे शोधावी?

उत्तर: आधी ओरिगामी तपासा, चिप नंतर. नुकत्याच सोललेल्या अभ्रकावर १ नॅनोमोलर द्रावणाचा थेंब, १२.५ मिलिमोलर मॅग्नेशियमच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), पाच मिनिटे ठेवा. सुमारे १२० नॅनोमीटर बाजूचे अखंड त्रिकोण दिसले, तर दोष चिपच्या पायऱ्यांत आहे.

जागा रिकाम्या राहण्यामागे बहुधा उरलेले स्टेपल, म्हणजे लांब धाग्याला दुमडून धरणारे डीएनएचे छोटे तुकडे, असतात. एम१३ या विषाणूचा ७२४९ बेसचा धागा दुमडायला दोनशेहून अधिक स्टेपल लागतात आणि ते जास्तीचेच घातलेले असतात. हे लहान तुकडे त्रिकोणांआधी जागा अडवतात. १०० किलोडाल्टनच्या फिल्टरने तीन-चार वेळा धुऊन काढा. द्रावण १०० पिकोमोलरवर आणल्यावर डीएनए साध्या नळीच्या भिंतीलाही चिकटतो आणि द्रावण आणखी पातळ होते, म्हणून लो-बाइंड नळ्याच घ्या.

पकड सगळी मॅग्नेशियमची आहे. प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) आखलेल्या जागांवर उघडे झालेले सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले ओएच गट) पीएच ८.३ च्या आसपास ऋणभारित होतात, डीएनएही ऋणभारित, आणि दोघांना मॅग्नेशियम जोडून ठेवते. ट्रिस बफरमध्ये ३५ मिलिमोलरपासून सुरुवात करा. सोडियम मिसळू नका, ते मॅग्नेशियमची जागा घेऊन पकड सैल करते. ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतो, तोही टाळा. चिप ओल्या कागदासह झाकलेल्या पेट्री डिशमध्ये तासभर ठेवा. थेंब आटला की क्षारांचे प्रमाण वाढते आणि त्रिकोण कुठेही चिकटू लागतात.

एका जागी अनेक त्रिकोण बसत असतील तर जागेचे माप पाहा. प्लाझ्मा जास्त वेळ दिला की रेझिस्टच्या (जागा आखण्यासाठी दिलेल्या थराच्या) कडा झिजतात आणि जागा रुंदावते. द्रावण दाट असेल तरी हेच होते. मधल्या भागात चिकटतात, ते एचएमडीएसचा (जागांबाहेर डीएनए चिकटू न देणाऱ्या रसायनाचा) थर विरळ असल्याने. हा थर द्यायच्या आधी वेफर पूर्ण कोरडा हवा. शेवटच्या धुण्यात ०.१ टक्के ट्वीन-२० (साबणासारखा सौम्य पदार्थ) घातल्यास सैल चिकटलेले निघून जातात.

वाळवताना चिप साध्या पाण्यात कधीच बुडवू नका, मॅग्नेशियम निघून जाते आणि त्रिकोण सुटतात. ५०, ७५ आणि ९० टक्के इथेनॉल याच क्रमाने वापरा. पहिल्या दोन्हींत काही सेकंद, शेवटच्यात दोन मिनिटे.

ही पद्धत कॅलटेकच्या अश्विन गोपीनाथ आणि पॉल रॉथेमुंड यांनी २०१४ मध्ये बारकाईने बसवली. सुमारे ९४ टक्के जागांवर एकेकच त्रिकोण बसल्याची त्यांची नोंद आहे, तेव्हा पन्नास टक्क्यांवर समाधान मानू नका.

प्रश्न: सोन्यावर थायॉल (सोन्याला धरणारा गंधकाचा गट) जोडलेला डीएनए भरपूर चिकटवला, तरी पूरक धागा जुळत नाही. का?

उत्तर: भरपूर चिकटवला म्हणूनच. दर चौरस सेंटिमीटरला १० चा १३ वा घात इतके रेणू जवळ आले की पूरक धाग्याला शिरायला वाव राहत नाही. ३ गुणिले १० चा १२ वा घात ही घनता बरी. बांधताना मीठ कमी करा, वेळ कमी करा. नंतर १ मिलिमोलर मर्कॅप्टोहेक्सॅनॉल या लहान थायॉलमध्ये तासभर ठेवा, म्हणजे आडवे पडलेले धागे उभे राहतात. विकत घेतलेला थायॉल डायसल्फाइड (दोन गंधक एकमेकांना जोडलेल्या) रूपात असेल, तर तो आधी टीसीईपी या रसायनाने तोडून डिसॉल्टिंग कॉलममधून (लहान रेणू वेगळे काढणाऱ्या नळीतून) काढावा.