जमिनीच्या मूल्यावर कर लावण्याची मागणी नगरपरिषदेपुढे कशी मांडावी?

अमेरिकेतील पिट्सबर्गचा दाखला द्यावा. १९१३ च्या कायद्यानुसार तेथे इमारतींवरील कराचा दर टप्प्याटप्प्याने जमिनीवरील दराच्या निम्म्यावर आणला गेला आणि १९७९-८० मध्ये जमिनीवरचा दर इमारतींच्या दराच्या पाचपटीहून अधिक झाला. यामागील न्याय मला निर्विवाद वाटतो: रस्ते, पाणी आणि शेजार यांमुळे भूखंडाची किंमत वाढते, मालकाच्या कष्टाने नव्हे, म्हणून ती वाढ शहराकडे परत यावी आणि घर बांधणाऱ्याला, दुरुस्ती करणाऱ्याला दंड बसू नये.

मात्र मूल्यांकन नियमित करण्याची अट आधीच घालून घ्या. दीर्घकाळ रखडलेल्या फेरमूल्यांकनाने कित्येकांची बिले एकदम वाढली, लोक संतापले आणि २००१ मध्ये पिट्सबर्गने ही पद्धतच रद्द केली.