आईच्या गुडघ्यातलं सिमेंट

प्रश्न : मी गवंडीकाम करतो. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, पुढच्या महिन्यात एकाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, नवा सांधा सिमेंटने बसवतो आणि दुसऱ्या दिवशी चालवतो. आम्ही स्लॅबवर सात दिवस पाणी मारतो, तरी लगेच वजन टाकू देत नाही. हे सिमेंट एका दिवसात कसं धरतं?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं पत्र मी ऑपरेशन थिएटरमधल्या आमच्या सिस्टरना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "यांना बोलवून घ्या सर, कामाचे आहेत."

नाव सिमेंट असलं तरी हा माल वेगळा. हे अ‍ॅक्रिलिक आहे, दातांच्या कवळीच्या जातीचं. इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांनी १९५८ मध्ये ते खुब्याच्या सांध्याला वापरलं, पुढे ते गुडघ्यात आलं. ४० ग्रॅम पावडर आणि २० मिलिलिटर उग्र वासाचं द्रव कालवलं की साधारण दहा-बारा मिनिटांत दगड होतो. थिएटर गरम असेल तर त्याहून लवकर, म्हणून एसी बिघडला की माझा जीव वरखाली होतो.

पण खरी मेख हाडात आहे. हे सिमेंट डिंकासारखं चिकटत नाही, हाडात शिरून धरतं. करवतीने वरचा झिजलेला थर कापला की आतलं हाड दिसतं आंबोळीसारखं जाळीदार. त्या भोकांत रक्त आणि मज्जेची चरबी भरलेली असते. तेलकट भिंतीवर गिलावा धरेल का? म्हणून सलाइनचा जोरदार, ठोक्याठोक्याने येणारा फवारा मारून जाळी पांढरी दिसेपर्यंत धुतो. इथवर तुमचं-आमचं सारखं. पुढे मात्र उलटं. तुम्ही भिंत भिजवून घेता, आम्ही हाड टिपून कोरडं करतो.

पाय आत वाकलेल्या गुडघ्यात आतल्या बाजूचं हाड घासून हस्तिदंतासारखं गुळगुळीत झालेलं असतं. तिथे बारीक ड्रिलने भोकं पाडतो. गुळगुळीत काँक्रीट तुम्ही छिन्नीने टोचून घेता, तेच. मग सिमेंट हाडात दाबायचं, तीन-चार मिलिमीटर आत जाईल इतकं. नव्या सांध्याच्या धातूच्या भागालाही खालून लावायचं, आणि तेही ते चिकट असतानाच. उशीर झाला, मधे चरबी लागली, की पकड गेली. सांधा ठोकून बसवला की कडेने आलेला जादा माल खरवडून काढायचा. गुडघ्याच्या मागे लपलेला तुकडा तर शोधून काढायचा, नाहीतर तो सुटून नव्या सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या भागावर चरे पाडतो.

त्यानंतरची पाच-सात मिनिटं पाय सरळ धरून नुसतं उभं राहायचं. शिकत असताना मी एकदा या वेळी, बसलाय का नीट म्हणून, गुडघा जरासा वाकवला होता. सरांनी काही न बोलता माझा हात बाजूला केला. अर्धवट सुकलेल्या सिमेंटखाली सांधा हलला की आतली चरबी आणि रक्त फटीत ओढलं जातं. वर सगळं छान दिसतं आणि काही वर्षांनी खालचा भाग सैल होतो. तेव्हापासून मी सिस्टरच्या हाताकडे बघत उभा राहतो. उरलेल्या सिमेंटची गोळी त्यांच्या ग्लोव्हमध्ये असते. आधी ती बोटाला चिकटते, मग कणकेसारखी होते, मग तापते, चांगलीच. शेवटी त्या ती स्टीलच्या ट्रेवर आपटतात. टक्क असा आवाज आला की पाय सोडायचा.

म्हणजे तुमच्या आई थिएटरमधून बाहेर येतील तेव्हा सिमेंट पुरतं सुकलेलं असेल. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्यांना चालवतील ते खुशाल चालू द्या. दुखेल ते कापलेल्या मांसामुळे, सिमेंटमुळे नाही. आणि पाणी मारायची सवय घरी आवरा. टाके काढेपर्यंत जखम कोरडी ठेवायची आहे.