बोळातून जाईल एवढंच घर

प्रश्न : आमचं घर वडगावात. मागं परड्यात यजमानांचं हातमागाचं शेड आहे, आतून 34 फूट लांब, 11 फूट रुंद. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांशी सामाईक दगडी भिंती, वर गंजका पत्रा. माग मोडीत घातले, शेडला चार वर्षं कुलूप आहे. धाकट्याचं लग्न ठरलंय. तो म्हणतो, शेड पाडून जहाजाचा जुना कंटेनर आणून ठेवू, महिन्यात घर तयार. परड्यात जायला साडेचार फुटी बोळ आहे. ताई, असलं घर टिकेल का? त्याला परवानगी लागते का?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : मावशी, मुलाचं निम्मं म्हणणं मला मनापासून पटलं. गावाबाहेर प्लॉट शोधण्याऐवजी तो घराच्या पाठीमागं बघतोय. वडगाव, शहापूर, खासबागेत अशी कुलूप लावलेली शेडं गल्लोगल्ली आहेत. नळ, गटार, रस्ता, शाळा सगळं तिथवर आधीच पोचलंय. तिथं घर झालं तर गावाच्या कडेचा भाताचा एक तुकडा तरी वाचतो.

पण कंटेनर आणू नका. वीस फुटी कंटेनर बाहेरून आठ फूट रुंद, रिकाम्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. तो साडेचार फुटी बोळातून जात नाही. क्रेननं पुढच्या घरावरून उचलायचा तर गल्लीतल्या विजेच्या तारा आड येणार. समजा, उतरवलाच. आतली रुंदी 7 फूट 8 इंच, उंची 7 फूट 10 इंच. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची किमान उंची 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट दिली आहे. उन्हासाठी आतून अस्तर लावलं की उरलेली जागाही आक्रसते. आणि आपल्याकडची झड! आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बंद लोखंडी पेटीत माणसांच्या श्वासाचं पाणी भिंतींवर साचतं, गादीला बुरशी धरते. सुनेचा पहिला पावसाळा त्यात जाऊ नये.

तयार घरांचे दोन प्रकार मुलाला समजावून सांगा. केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2021 ला सहा शहरांत नव्या तंत्राच्या घरकुलांची पायाभरणी केली. त्यातल्या रांचीला काँक्रीटच्या अख्ख्या खोल्या आधी ओतून मग क्रेननं एकावर एक बसवायची पद्धत निवडली, तर आगरताळ्याला हलक्या पोलादी सांगाड्याची. मुलगा मागतोय ते रांचीच्या जातीचं. तुमच्या बोळाला सोसेल ते आगरताळ्याचं, कारण सांगाड्याचे तुकडे दोन माणसं खांद्यावर नेऊ शकतात.

तेव्हा आधी बोळ मोजा, मग घर ठरवा. सांगाड्याला भिंत म्हणून लावायचा सिमेंटचा बोर्ड 8 बाय 4 फुटांचा मिळतो. उभा धरला की बोळातून जातो. म्हणून सांगाड्याचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, चार-चार फुटांचे घ्या. पुढं चार गाळे, म्हणजे 16 फुटांची खोली. मग 6 फूट मोकळं आकाश. त्यामागं तीन गाळे, 12 फुटांत स्वयंपाकघर आणि न्हाणी. बेरीज बरोबर 34. मधला चौक काहीही झालं तरी झाकू देऊ नका. दोन्ही भिंती सामाईक, तिकडं खिडकी काढता येत नाही. उजेड-वारा येणार तो चौकातूनच. नऊ फुटांच्या उंचीत आठ फुटी बोर्डावर एक फूट उरतो, चौकाच्या बाजूला तिथं जाळी बसवा, कोंदट हवा वरून निघून जाईल.

दगडी भिंती राहू द्या. त्यांच्यावर भार मात्र टाकू नका. सांगाडा भिंतीपासून सुटा, स्वतःच्या पायावर उभा हवा. नळ्या जस्त चढवलेल्या घ्या, उद्यमबागेतल्या कारखान्यांत मापानं कापून भोकं पाडून मिळतील. जोड बोल्टचे ठेवा, जागेवर वेल्डिंग नको. वेल्डिंगच्या डागापाशी जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय उद्या नातवंडांसाठी खोली वाढवायची झाली, तर बोल्ट सोडून तेच तुकडे पुन्हा वापरता येतील. छपराला जुनी मंगळुरी कौलं मिळाली तर सोनं. पत्र्यावरच्या पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. अधूनमधून काचेची चार कौलं घाला.

आता जमीन. हातमागाचं शेड म्हणजे विणकराचे पाय सोडायचे खड्डे बहुधा असणार. खासबागेतल्या एका कामावर मी ते खड्डे विटांच्या राबिटानं घाईत बुजवू दिले. चूक माझीच होती. दुसऱ्या पावसाळ्यात बरोबर त्या चौकोनांएवढी फरशी खचली. वर उभं राहिलं की माग कुठं होता ते पायाला कळायचं. ते घर आठवलं की मला अजून वाईट वाटतं. तुम्ही मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं घाला, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं ठोकून घ्या.

परड्यात आड असेल तर छपराचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून त्यात सोडा. 28 बाय 11 फुटांच्या छपरावर हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे 28 हजार लिटरांवर पाणी, आणि बेळगावात पाऊस हजारावरच पडतो. पन्हळ मात्र आपल्या बाजूला उतरवा, सामाईक भिंतीत पाणी मुरलं की शेजार तुटतो.

परवानगी लागते. ‘बोल्टचं घर म्हणजे सामान, त्याला नकाशा कशाला’ असं विकणारा सांगेल, त्यावर विसंबू नका. महापालिकेकडून नकाशा मंजूर करून घ्या. खात्यावर, म्हणजे महापालिकेच्या मालमत्तेच्या दप्तरात, शेडची नोंद काय आहे तेही पाहा. कागद कन्नडमध्ये असतो, सहीआधी जाणत्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या.

प्रश्न : निपाणीत आमची तंबाखूची वखार रिकामी आहे. आत सुट्या खोल्या उभारून भाड्यानं देता येतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : येतील, पण जितक्या बसतील तितक्या नव्हेत. वखारीचा वापर बदलतोय, तेव्हा आधी नगरपालिकेची मंजुरी. खोल्या फक्त बाहेरच्या भिंतीलगत घ्या, प्रत्येकीला बाहेर उघडणारी खिडकी हवी. मधला पट्टा मोकळा ठेवा आणि त्यावरचं छप्पर थोडं उघडा. बाहेर पडायला दोन टोकांना दोन दारं करा. एकाच दाराच्या वखारीत बिऱ्हाडं ठेवू नका, भाडं कितीही येणार असलं तरी.